पहिले युकुलेले घेताना: बुलढाणा जिल्ह्यातल्या नवशिक्यांसाठी

रील्समध्ये छातीशी धरून वाजवले जाणारे, लहान गिटारसारखे दिसणारे चार तारांचे वाद्य म्हणजे युकुलेले. ते स्वस्त असते, हलके असते आणि त्यावर पहिले गाणे आठवड्याभरात बसू शकते. म्हणूनच गिटार न परवडणाऱ्या किंवा न झेपणाऱ्या अनेकांची सुरुवात आता यावर होते. बुलढाणा, चिखली किंवा मलकापूरसारख्या गावात बसून ते निवडायचे, तर बहुतेकांना मोबाइलवरच्या फोटोंतून निवडावे लागते. फोटोत सगळी युकुलेले सारखीच दिसतात, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

अडचण फक्त पैशांची नाही. सुरात न राहणारे युकुलेले हातात आले, तर नवशिक्याला दोष वाद्याचा आहे की आपला, हे कळत नाही. दहा वर्षांची मुलगी महिनाभर बरोबर जागी बोट ठेवते, तरी आवाज बेसूरच येतो. मग घरचे म्हणतात, "हिला सूरच नाही." वाद्य कपाटावर जाते आणि तो शिक्का मुलीबरोबर राहतो. दोन हजार रुपये वाया गेल्याचे दुःख त्यापुढे लहान आहे. म्हणून घेण्याआधी थोडे समजून घेतलेले बरे.

हे वाद्य आले कुठून?

युकुलेले हवाई बेटांचे मानले जाते, पण त्याचे मूळ पोर्तुगालचे आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज होनोलुलूच्या बंदरात लागले. त्यात अटलांटिक महासागरातल्या मदेरा या पोर्तुगीज बेटावरची माणसे होती आणि ती हवाईतल्या उसाच्या मळ्यांवर मजुरी करायला आली होती. ऊसतोडीसाठी घरदार उचलून निघणारी कुटुंबे मराठी वाचकाला नवी नाहीत. त्या जहाजातल्या माणसांनी आपल्याबरोबर 'मशेट' नावाचे छोटे तंतुवाद्य नेले होते. त्यांच्यापैकी मॅन्युएल नुनेस, ऑगस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे सुतारकाम जाणणारे होते. त्यांनी पुढे होनोलुलूत वाद्ये बनवायला सुरुवात केली आणि मशेटचे युकुलेले झाले. या शब्दाचा रूढ अर्थ 'उड्या मारणारी पिसू' असा सांगितला जातो. वाजवणाऱ्याची बोटे पाहिली की तो पटतो.

हवाईचा राजा कालाकाऊआ याने या वाद्याला दरबारात जागा दिली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात ते अमेरिकेने ऐकले आणि त्याची लाट आली. तीच लाट शंभर वर्षांनी इंटरनेटवरून पुन्हा आली, एवढेच.

आकार: २१, २३ की २६ इंच?

युकुलेलेचे मुख्य चार आकार असतात. सोप्रानो सुमारे २१ इंच, कॉन्सर्ट २३ ते २४, टेनर २६ आणि बॅरिटोन ३० इंच. विक्रेते बहुतेक वेळा नावाऐवजी इंचच लिहितात.

सोप्रानो सर्वांत जुना, सर्वांत लहान आणि बहुधा सर्वांत स्वस्त. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी तो ठीक आहे. मोठ्या माणसाच्या हाताला मात्र त्याचे पडदे फार जवळजवळ येतात. (पडदे म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या सळया, सतार पाहिलेल्यांना हा शब्द ओळखीचा आहे.) शेतीकामाचा किंवा जाड बोटांचा हात असेल, तर तीन बोटे एका जागी दाटीवाटीने बसतात आणि शेजारची तार दबते. आकारच चुकलेला असतो, पण माणूस स्वतःच्या बोटांना दोष देतो.

दहा वर्षांपुढच्या कोणासाठीही कॉन्सर्ट, म्हणजे २३ इंची, ही सर्वांत सुरक्षित निवड आहे. पडद्यांत पुरेशी जागा मिळते, आवाज थोडा भरदार होतो आणि किंमत सोप्रानोपेक्षा फार वाढत नाही. टेनर उंच माणसांना आणि आधी गिटार हाताळलेल्यांना आवडतो. बॅरिटोन नवशिक्याने पहिल्या खेपेस घेऊ नये, कारण त्याच्या तारा वेगळ्या सुरांत लागतात. त्या गिटारच्या शेवटच्या चार तारांसारख्या असतात. मग यूट्यूबवरचे धडे त्याच्यावर जसेच्या तसे बसत नाहीत.

घरात एकच वाद्य येणार आणि आठवीतली मुलगी, तिचा लहान भाऊ आणि रात्री वडीलही ते हातात घेणार असतील, तरीही कॉन्सर्टच घ्यावा.

पेटीवाल्यांना समजेल असा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यात गिटारचा क्लास शोधावा लागतो, पण पेटी वाजवणारा शोधावा लागत नाही. शेगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे भजनी मंडळ नसलेले गाव विरळाच. ही ओळख युकुलेले शिकताना फार उपयोगी पडते, पण इंटरनेटवरचे धडे ती वापरत नाहीत.

युकुलेलेच्या चार मोकळ्या तारा जी, सी, ई, ए या सुरांत लागतात. पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. आता पांढरी एकला सा मानले, तर या चार तारा होतात प, सा, ग, ध. म्हणजे भूप रागाच्या पाच स्वरांपैकी चार स्वर एकही बोट न लावता हाताखाली येतात. राहिला रे, तो सा-च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर आहे. सा मोकळा, त्याच तारेच्या दुसऱ्या पडद्यावर रे, पुढची तार मोकळी सोडली की ग, तिच्या तिसऱ्या पडद्यावर प, शेवटची तार मोकळी म्हणजे ध आणि तिच्या तिसऱ्या पडद्यावर तार सा. गाण्याच्या क्लासात पहिला राग म्हणून भूप शिकलेल्या मुलाला एवढ्यावर आरोह-अवरोह त्याच दिवशी वाजवता येतो. म आणि नी हवे असतील, तर ग-च्या तारेवर पहिल्या पडद्यावर म आणि ध-च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर नी मिळतो.

एक गोष्ट मात्र पेटीवाल्यालाही बुचकळ्यात पाडते. युकुलेले धरल्यावर चेहऱ्याच्या सर्वांत जवळ येणारी प-ची तार मंद्र सप्तकातली नसते, ती मध्य सप्तकातलीच असते. सर्वांत खालचा सूर तिच्या शेजारच्या सा-च्या तारेचा. गिटारच्या सवयीने पहिली तार खर्जाची समजून लोक ती ढिली सोडतात आणि मग ती नुसती फडफडते. उलट, एक सप्तक वर चढवायला गेले की तार तुटते. मोबाइलच्या ट्यूनर अ‍ॅपमध्ये वाद्य म्हणून युकुलेले निवडले, तर हा घोळ टळतो.

पांढरी एकमध्ये गाता येत नसेल, तर कॅपो नावाचा चिमटा मिळतो. तो पहिल्या पडद्यावर लावला की सगळे काळी एकमध्ये येते, दुसऱ्यावर लावला की पांढरी दोनमध्ये. बोटांच्या जागा त्याच राहतात.

इथे एक स्पष्ट सांगायला हवे. युकुलेले हे मुख्यतः कॉर्ड वाजवून गाण्याला साथ करण्याचे वाद्य आहे. शास्त्रीय गायनाचा रियाज करायचा असेल किंवा भजनाला साथ द्यायची असेल, तर तेवढ्याच उत्साहाने पेटी शिकावी. पडद्यांच्या या छोट्या वाद्यातून मींड आणि लांब टिकणारा सूर फारसा मिळत नाही. सिनेमाची गाणी, शाळेतली समूहगीते, बडबडगीते आणि स्वतः रचलेली गाणी यांच्यासाठी मात्र ते उत्तम आहे. शेवटच्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर एकच बोट ठेवले की सी कॉर्ड तयार होते आणि चेहऱ्याजवळच्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवले की ए मायनर. या दोनांत एफ आणि जी सेव्हन मिळवले की बरीच गाणी आटोक्यात येतात.

लाकूड कोणते? आधी घाटावर की घाटाखाली ते पाहा

ऑनलाइन विक्रीच्या पानांवर लाकडांची नावे मोठ्या अक्षरांत असतात: महोगनी, सपेली, कोआ, स्प्रूस. नवशिक्यासाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. लाकूड अखंड आहे की पातळ थर चिकटवून केलेले, म्हणजे लॅमिनेट?

अखंड लाकडाचा आवाज चांगला असतो आणि वर्षांगणिक खुलतो, हे खरे. पण ते हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आक्रसते. त्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. बुलढाणा जिल्ह्यात वर्षभर अशी हवा कुठेच मिळत नाही. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथला उन्हाळा त्यातल्या त्यात सौम्य. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हेही घाटावरचे. घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात आले की मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. त्यानंतर महिन्याभरात पाऊस येतो आणि दारे फुगून लागेनाशी होतात. जे दाराचे होते, तेच वाद्याचे होते. अखंड लाकडाची वरची पातळ फळी, सतारीत जिला तबली म्हणतात, उन्हाळ्यात तडकू शकते. पट्टी आक्रसली की पडद्यांची टोके कडेला बाहेर येऊन बोटाला टोचू लागतात.

लॅमिनेटला हे त्रास बरेच कमी होतात, कारण थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात आणि त्या एकमेकींना हलू देत नाहीत. शिवाय लॅमिनेट स्वस्तही असते. म्हणून पहिल्या युकुलेलेसाठी, त्यातही घाटाखालच्या घरात, लॅमिनेटच घ्यावे. 'सॉलिड टॉप' या दोन शब्दांसाठी जास्तीचे हजार-दोन हजार मोजायची घाई नको.

प्लॅस्टिकचे युकुलेले म्हणजे खेळणे, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. इटालियन वाद्यकार मारिओ माक्काफेरी याने १९४९ मध्ये अमेरिकेत 'आयलँडर' नावाचे प्लॅस्टिकचे युकुलेले बाजारात आणले. ते नीट सुरात वाजत असे आणि त्याचे लाखो नग खपले. आजही पॉलिकार्बोनेट किंवा कार्बन फायबर मिसळलेल्या प्लॅस्टिकची चांगली युकुलेले मिळतात, आणि त्यांना ना उन्हाची फारशी फिकीर ना पावसाची. जत्रेतल्या किंवा खेळण्यांच्या दुकानातल्या चारशे-पाचशे रुपयांच्या रंगीत वाद्याशी त्यांची गल्लत करू नये. त्या खेळण्याच्या पडद्यांची मापेच चुकीची असू शकतात, आणि मग ते कोणालाही सुरात लावता येत नाही, उस्तादालाही नाही.

पैसे किती लागतील?

साधारण दीड ते तीन हजार रुपयांत कॉन्सर्ट आकाराचे वाजवण्याजोगे लॅमिनेट युकुलेले मिळू शकते. कॅडेन्स, जुआरेझ, व्हॉल्ट ही नावे या टप्प्यात भारतात सहज दिसतात. काला हे परदेशी नाव थोडे वरच्या किमतीत. या किमतीत कंपनीपेक्षा हातात आलेला नग महत्त्वाचा असतो. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो. म्हणून कोणती कंपनी चांगली हा प्रश्न सोडून आलेला नग कसा तपासायचा, हे शिकून घ्यावे.

पिशवी, पट्टा, पिक, जादा तारा, पुस्तक अशा भरगच्च संचाने भुलू नये. त्यातल्या दोनच गोष्टी खऱ्या कामाच्या: जाड गादीची पिशवी आणि चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर. ट्यूनर नसेल तर मोबाइलवरचे मोफत अ‍ॅप चालते, फक्त घरात टीव्ही सुरू असला की ते गोंधळते. पिक नसले तरी काही बिघडत नाही; युकुलेले बोटांनीच वाजवतात.

खुंट्या मात्र पाहून घ्याव्यात. दातेरी चक्राच्या खुंट्या हव्यात, म्हणजे खुंटी पुष्कळ फिरवली की सूर थोडा बदलतो. नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या खुंट्या सुंदर दिसतात, पण नवशिक्याच्या हाती त्या दर पाच मिनिटांनी सुटतात.

दुकान की कुरिअर

हातात घेऊन, चार नग वाजवून निवडता आले तर त्यासारखे काही नाही. जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत वाद्यांची दुकाने असली, तरी त्यांचा मुख्य व्यवहार साहजिकच पेटी, तबला, ढोलकी, पखवाज आणि टाळ यांचा. युकुलेलेचे तीन-चार नग एका जागी पाहायचे तर अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागण्याची शक्यता जास्त. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही मुंबई-हावडा मार्गावरची स्थानके असल्याने घाटाखालच्यांना अकोल्याची फेरी सोपी पडते. बुलढाणा शहराला रेल्वे नाही, तिथून एसटी. कोणी मुंबईला जाणारच असेल, तर धोबी तलावाजवळचे फुर्ताडोस हे १८६५ पासूनचे वाद्यांचे दुकान पाहून यावे. जाण्याआधी कोणत्याही दुकानाला फोन करून "कॉन्सर्ट साइझचे युकुलेले दाखवायला आहे का?" एवढे विचारले, तरी दिवस वाचतो.

ऑनलाइन मागवायचे असेल, तर आधी परत करण्याची मुदत वाचावी. काही ठिकाणी फक्त बदलून मिळते, पैसे परत मिळत नाहीत. खोके उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढावा. आणि वाढदिवसासाठी म्हणून पंधरा दिवस आधी मागवून खोके तसेच लपवून ठेवू नये. मुदत त्या खोक्यातच संपून जाते.

जुने, वापरलेले युकुलेले स्वस्तात मिळत असेल, तर घ्यायला हरकत नाही. पुढची तपासणी मात्र विकणाऱ्यासमोर करावी.

आलेला नग असा तपासा

आधी नुसते पाहा. मान डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी लांबून पाहा. ती सरळ हवी. पीळ पडलेला किंवा कमान आलेली असेल, तर पुढे काहीही न तपासता परत. तारा जिथे खाली बांधलेल्या असतात ती घोडी फळीला सगळीकडून चिकटलेली हवी, कागदाचा कोपरा आत सरकता कामा नये. मानेच्या दोन्ही कडांवरून बोट हळू फिरवा. पडदे टोचले, तर ते घासून घेण्याजोगे आहे, पण मुलाच्या हातात तसे देऊ नका.

मग ताराचे पट्टीपासूनचे अंतर. बाराव्या पडद्यावर ते सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर असावे. त्याहून बरेच जास्त असेल, तर बोटे दुखतील आणि दाबताना तार ताणली जाऊन सूरही चढेल.

आता खरी परीक्षा. चारही तारा ट्यूनरवर नीट लावा. प्रत्येक तार आधी मोकळी छेडा, मग बाराव्या पडद्यावर अलगद दाबून छेडा. तोच सूर एक सप्तक वर यायला हवा. ट्यूनरची सुई किंचित हलली तर चालेल, पण ती उजव्या-डाव्या टोकाकडे पळाली, तर तो नग कधीच सुरात वाजणार नाही. नंतर पहिल्या पडद्यावर दाबून पाहा. तिथे सूर ठळक चढत असेल, तर मानेच्या टोकाशी असलेली खाचांची पट्टी, म्हणजे नट, उंच राहिली आहे. स्वस्त युकुलेलेत हा दोष सर्वांत जास्त आढळतो, आणि नवशिक्याच्या पहिल्या कॉर्ड नेमक्या तिथेच असतात. जाणकार कारागीर त्या खाचा बारीक कानशीने खोल करून देतो. घरच्या कानशीने प्रयोग करू नये. खाच एकदा जास्त खोल गेली की तार पडद्यावर घासून करकरते.

ट्यूनरवर विश्वास बसत नसेल, तर युकुलेले घेऊन गावातल्या पेटीवाल्या काकांकडे जावे. पांढऱ्या पट्ट्या एक, तीन, पाच, सहा दाबून चार तारा लावून घ्याव्यात आणि मग भूपाचा आरोह दोन्ही वाद्यांवर एकामागून एक वाजवून पाहावा. जुन्या पेट्यांचे सूर थोडे उतरलेले असू शकतात, तरी एकाच पेटीशी लावल्यावर चार तारांचे आपापसातले नाते कळतेच. ज्यांचा कान वर्षानुवर्षे काकड्याला आणि हरिपाठाला तयार झाला आहे, त्यांना युकुलेले काय असते हे माहीत नसले, तरी कुठला सूर चुकतोय हे ते चटकन सांगतील.

पहिला आठवडा आणि पहिला उन्हाळा

नव्या नायलॉनच्या तारा ताणल्या जातात. सकाळी लावलेले युकुलेले दुपारी उतरते, दुपारी लावलेले संध्याकाळी. हा दोष नाही. साधारण आठवडाभर रोज चार-पाच वेळा लावत राहिले की तारा स्थिरावतात. अनेक चांगले नग याच आठवड्यात "खराब आहे" म्हणून परत जातात. बाराव्या पडद्याची परीक्षा पास झालेली असेल, तर थोडा धीर धरावा.

गिटारची स्टीलची तार युकुलेलेला कधीही लावू नये. तिचा ताण घोडी उपटून काढतो.

उन्हाळ्यात दुपारी उभ्या गाडीत, पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर किंवा खिडकीतल्या उन्हात वाद्य ठेवू नये. उष्णतेने गोंद सुटतो. कूलरसमोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगणे त्याहून वाईट, कारण दिवसभर ओली हवा आणि रात्री कूलर बंद झाला की कोरडी झळ, असा मारा त्यावर होतो. वाजवून झाले की पिशवीत घालून खोलीच्या आतल्या बाजूला ठेवावे. मोटारसायकलवर नेताना पिशवी पाठीवर घ्यावी, डिकीला बांधू नये.

डावखुऱ्या मुलाने आधी उजव्या हाताच्या पद्धतीनेच आठवडाभर करून पाहावे. इथे दोन्ही हातांना काम असल्याने बऱ्याच जणांना ते जमते. नाहीच जमले तर तारांचा क्रम उलटा लावून घेता येतो. त्यासाठी नटच्या मधल्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे बदलाव्या लागतात, आणि ते काम वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्यावे.